कडेकडेनं गेलं की झालं?

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक 59 वर्षांचे आहेत, जुळे सोलापुरात राहतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात बरीच वर्षं डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करायचं काम, सांभाळतात. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. दर शनिवारी रात्री ड्युटी संपवून तो कारनं सोलापूरला येतो, पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. सुनेला यंदा पुणे रोडवरच्या चिंचोळी एमआयडीसीत क्वालिटीच्या कामाची नोकरी लागली आणि ती रोज स्कूटीनं जाते-येते. गेल्या महिन्यात बाळे गावाजवळ पत्रलेखकांनी एक अपघात डोळ्यांदेखत पाहिला. वळणाऱ्या ट्रेलरच्या डाव्या अंगाला एक स्कूटीवाली मुलगी सापडली. जीव वाचला, पाय गेला. पोलिसांचं लचांड नको म्हणून हे थांबले नाहीत. तेव्हापासून त्यांना झोप नाही. सुनेनं नोकरी सोडावी असं त्यांना वाटतं, कारण घर तिच्या पगारावर चालत नाही. सून म्हणते, "मामा, मी कडेकडेनंच जाते की. चाळिसाच्या वर काटा जात नाही माझा." पत्रलेखक विचारतात : ट्रकवाले सगळे पिऊन चालवतात, पुण्यात नवले पुलावर काय होतं ते आपण बघतोच, मग आपल्या माणसाला त्या रस्त्यावर कशाला पाठवायचं? आणि हे सुनेला मी सांगू, की मुलाकडून सांगवू?

अण्णा, नमस्कार. सून तुम्हाला मामा म्हणते, मी आपली सोलापूरच्या रीतीनं अण्णा म्हणते. चालवून घ्या.

तुम्ही घाबरलात यात वावगं काही नाही. घरात कुणी 'उगाच काळजी करतात' म्हणत असेल तर त्यांना सांगा की 2022 साली देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, त्यातली जवळपास 45 टक्के दुचाकीवरची होती. सरकारी अहवालातलेच आकडे आहेत. तेव्हा भीती खरी आहे. पण ती भलत्याच ठिकाणी जाऊन बसली आहे असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. तुम्ही सुनेच्या नोकरीकडे बघताय, आणि धोका आहे तो रस्त्यावरच्या काही ठरावीक जागांमध्ये, ठरावीक वेळांमध्ये आणि ट्रकच्या एका ठरावीक बाजूला.

आधी दारूचं बघू. पिऊन चालवणारे नाहीत असं मी म्हणणार नाही. पण त्याच अहवालात दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यात आहेत, दारूच्या खात्यात त्यामानानं फार थोडे. झोपेचं तर वेगळं खातंच नीट मांडलं जात नाही, कारण डुलकी लागली होती हे सांगायला बऱ्याचदा चालक उरत नाही, आणि उरला तरी कबूल करत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. तुमची उभी हयात ड्रायव्हर लोकांशी बोलण्यात गेली आहे.

तुमच्याच गेटवरचं चित्र डोळ्यांपुढे आणा. न्हावा शेवा बंदराला जाणारा कंटेनर दुपारी लागतो. गठ्ठे पॅकिंगमधून उतरायला वेळ होतो, हमाल दुसऱ्या गाडीवर अडकलेले असतात, कागद तयार होत नाहीत. ड्रायव्हर सावली शोधत, चहा पीत, मोबाईल बघत बसून राहतो. झोपत नाही, कारण कोणत्याही क्षणी 'गाडी मागं घे' अशी हाक येईल. रात्री नऊला सील लागतं आणि आपण म्हणतो, "उद्या गेट-इन झालंच पाहिजे, कट-ऑफ आहे." म्हणजे गाडी ठरल्या मुदतीत बंदरात शिरलीच पाहिजे. पुण्यापर्यंतच अडीचशे किलोमीटर, पुढे बोरघाट, त्याच्या पुढे बंदराची रांग. मोटार वाहतूक कामगारांचा 1961 चा कायदा नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू होता, तो दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगायचा. त्या रात्रीच्या गणितात हे कुठे बसतं, तुम्हीच सांगा. आणि तुमच्या गेटवरून निघालेली गाडी पुणे रोडनंच जाते, सूनबाईंच्याच रस्त्यानं.

तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. कट-ऑफ तुम्ही ठरवत नाही, भाडं तुम्ही ठरवत नाही. टॉवेलच्या गाडीत वजनाआधी जागा भरते, त्यामुळे ओव्हरलोडचं पापही तुमच्या माथी नाही. पण वेळ काही अंशी तुमच्या हातात आहे. कंटेनर सकाळी लावून घेतला, दुपारपर्यंत मोकळा केला, तर तोच माणूस उजेडात पुण्यापलीकडे जातो आणि रात्री कुठेतरी आडवा होतो. मालकांशी हे बोलता येईल का? रोज जमणार नाही. आठवड्यातल्या निम्म्या गाड्यांना जमलं तरी माझ्या लेखी ते सुनेच्या राजीनाम्यापेक्षा मोठं काम आहे. आणखी एक : सील लावण्याआधी पाच मिनिटं गाडीभोवती फिरून या. मागचे दोन्ही दिवे लागतात का? मागची लाल, बाजूची पिवळी रिफ्लेक्टर पट्टी दिसते का, की धुळीनं आणि ग्रीसनं माखलीय? मागचा आडवा लोखंडी बार जागेवर आहे का, की वाकून वर गेलाय? दिवा बंद असेल तर गाडी सोडायची नाही. हे म्हणायचा अधिकार डिस्पॅचवाल्याला असतो. तुमच्यासारखे डिस्पॅच सांभाळणारे पुष्कळजण हे सदर वाचतात, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

आता सूनबाईंचं. चाळिसाच्या वर काटा नाही, कडेकडेनं जाते, हे ऐकून तुम्हाला दिलासा वाटायला हवा होता. तुम्हाला वाटला नाही, आणि मला तर काळजीच वाटली.

ट्रकचालक उजव्या बाजूला, उंचावर बसतो. उजवीकडचं त्याला मान वळवून दिसतं. डावीकडचं फक्त आरशात, आणि आरशातही सगळं नाही. केबिनच्या डाव्या दारापासून मागच्या चाकांपर्यंतचा पट्टा, बंपरच्या अगदी पुढची काही फुटांची जागा आणि ट्रेलरच्या पाठीमागची जागा, इथे असलेली स्कूटी त्याच्या लेखी नसतेच. पूर्वी या डाव्या बाजूला डोळे होते. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन दारावर थाप मारत 'आन दो, आन दो' करायचा, कुणी आत घुसलं तर ओरडायचा. आता भाडं परवडत नाही म्हणून कितीतरी गाड्यांवर एकटा ड्रायव्हर असतो. डावी बाजू आंधळी झाली ती अशी. आणि आपण पोरींना शिकवतो काय, तर कडेनं जा. कडेनं म्हणजे नेमकं तिथेच.

बाळ्याला तुम्ही जे पाहिलंत ते बहुतेक असं झालं असणार. लांब ट्रेलरला डावीकडे वळायचं असलं की तो आधी थोडा उजवीकडे जातो, कारण त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या रेषेवरून येत नाहीत, आतल्या अंगानं कापत येतात. तो उजवीकडे सरकला की डावीकडे मोकळी जागा दिसते. स्कूटीवाल्याला वाटतं, वाट दिली. तो आत शिरतो, आणि मग ती जागा कात्रीसारखी मिटत जाते. यात ट्रेलरवाला प्यालेला असावा लागत नाही, स्कूटीवाली बेफिकीर असावी लागत नाही. केगावला बायपासचा फाटा आहे, पुढे कारखान्यांची गेटं आहेत, पेट्रोल पंप आहेत, धाबे आहेत. म्हणजे सुनेच्या रस्त्यावर ट्रेलर वळतो अशा जागा भरपूर.

हे तोंडानं सांगून पटत नाही. पण तुमच्याकडे एक सोय आहे जी बाकीच्या वाचकांना सहजी मिळणार नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी, गेटवर ट्रेलर उभा असेल तेव्हा सुनेला कारखान्यात न्या. ड्रायव्हरला विचारून, किल्ली काढलेली असताना, तिला त्याच्या सीटवर बसवा. तुम्ही तिची स्कूटी घेऊन गाडीभोवती फिरा. डाव्या दाराशी थांबा, मागच्या चाकाशी थांबा, बंपरला लागून पुढे उभे राहा आणि प्रत्येक ठिकाणी विचारा, "दिसतोय का मी?" तिनं वरून पाहिलं की पुढचं व्याख्यान द्यावं लागणार नाही. त्या ड्रायव्हरला चहा पाजा आणि त्याला विचारा की तुला सगळ्यात जास्त भीती कुठे वाटते. बाळे, केगाव, मोहोळ, जागेची नावं घेऊन सांगेल तो.

मग कडेनं जायचं नाही तर कसं जायचं? जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे सर्व्हिस रोडनं, दोन मिनिटं जास्त लागली तरी. जिथे नाही तिथे डाव्या लेनमध्येच, पण पांढऱ्या पट्टीला चिकटून नव्हे. त्या कडेला वाळू, खडी, उसाचं पाचट साचलेलं असतं. चाक घसरलं की माणूस पडतो तो लेनच्या आतल्या बाजूलाही पडू शकतो. ट्रकच्या बगलेला रेंगाळायचं अजिबात नाही. एकतर इतकं मागे राहायचं की त्याचे दोन्ही आरसे दिसतील, नाहीतर जागा बघून, हॉर्न देऊन, उजव्या बाजूनं झटकन पुढे निघून जायचं आणि लगेच त्याच्यापुढे आडवं यायचं नाही. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसला नाही तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. सिग्नलला, चौकात, गेटापाशी ट्रेलर थांबला असेल तर त्याच्या आणि फुटपाथच्या मधल्या जागेत घुसायचं नाही. मागे उभं राहायचं, मागच्यानं हॉर्नचा कितीही कालवा केला तरी.

इंडिकेटरवर भरवसा ठेवू नका, हेही सांगायला हवं. आपल्याकडे ट्रकचा उजवा इंडिकेटर म्हणजे 'मी उजवीकडे वळतोय', आणि कधी कधी 'समोरून गाडी येतेय, ओव्हरटेक करू नकोस'. डावा म्हणजे 'वळतोय', किंवा 'जा पुढे'. कोणता अर्थ आहे ते त्या ड्रायव्हरलाच माहीत. चाकाकडे बघायचं. पुढचं चाक वळायला लागलं तर तेच खरं.

चाळिसाचा काटा चांगलाच आहे. साठच्या वेगाला ब्रेक मारल्यावर थांबायला लागणारं अंतर चाळिसाच्या सव्वादोनपट असतं. पण ट्रकच्या बाजूनंही बघा. साठनं येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. पाय पडल्यापासून हवा चाकापर्यंत पोचून ब्रेक धरेपर्यंत अर्धा सेकंद जरी गेला तरी आठ मीटर संपले, आणि तेव्हा कुठे तीस-चाळीस टन आवरायला सुरुवात. म्हणून मुख्य रस्त्यावर मध्येच एकदम मंद होणं, खड्डा चुकवायला वळणं, फोन वाजला म्हणून कडेला न जाता थांबणं, या गोष्टी वेगाइतक्याच घातक आहेत. मागचा थांबेल असं धरून चालायचं नाही.

आणि एक प्रश्न तिला प्रेमानं विचारा. कंपनीच्या गेटमधून बाहेर पडल्यावर ती योग्य बाजूनं पुढच्या वळणापर्यंत जाऊन येते, की डिव्हायडरच्या फटीपर्यंत उलट्या दिशेनं येते? एमआयडीसीतले निम्मे लोक उलटे येतात. सगळेच येतात म्हणून त्यात काही वाटेनासं होतं. या एका सवयीवर मी 'कडेकडेनं'पेक्षाही आधी बोट ठेवेन.

आता नवले पूल. तिथे 20 नोव्हेंबर 2022 च्या रविवारी रात्री एका ट्रकनं वाहनांची रांगच्या रांग ठोकरली, नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा तिथेच भीषण अपघात झाला. तुमच्या मनात ती दृश्यं आहेत. पण तो कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणारा लांब उतार आहे. डिझेल वाचवायला कुणी गाडी न्यूट्रलवर सोडली की इंजिन तिला रोखून धरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. असं तिथल्या अपघातांनंतर पुन्हा पुन्हा समोर आलं आहे. आपलं सोलापूर सपाट. त्या जातीचा अपघात इथे घडण्याचा संभव कमी.

आपल्याकडचा धोका निराळा आहे. पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर, मंगळवेढा, अक्कलकोट असे सगळीकडचे रस्ते या एका गावात येऊन मिळतात, आणि गाव त्यांच्या काठाकाठानं वाढत गेलंय. महामार्ग असला तरी त्याच्यावर शाळेची पोरं, भाजीची गाडी, बाळ्याच्या खंडोबाच्या यात्रेची गर्दी, सगळं असतं. आणि दिवाळीनंतर ऊस. सोलापूर म्हणजे राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. संध्याकाळी सहाच्या सुमाराला अंधारून येतं आणि त्याच वेळी दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवाच नसतो. टेपरेकॉर्डर मात्र जोरात. बाजूला आलेली उसाची टोकं अंधारात दिसत नाहीत. धाब्यापुढे ट्रक अर्धा रस्त्यात उभा असतो. बिघडलेल्या गाडीमागे त्रिकोण ठेवायचा नियम आहे, आपल्याकडे दगड मांडतात आणि गाडी दुरुस्त झाली की दगड तिथेच सोडून निघून जातात. रात्री त्या दगडांवर जाऊन आदळणारे स्कूटीवालेच.

म्हणून सुनेच्या कंपनीत पहिली विनंती करायची ती वेळेची. सकाळी अर्धा-पाऊण तास लवकर जाऊन संध्याकाळी तेवढंच लवकर निघणं, निदान नोव्हेंबर ते मार्च. क्वालिटीच्या कामात हे बऱ्याचदा जमून जातं, विचारत कुणी नाही. दुसरी विनंती गाडीची. जुळे सोलापूर, विजापूर रोड, सात रस्ता या पट्ट्यातून तिकडे जाणाऱ्या किती बायका-मुली आहेत याची यादी तिनं काढावी. सात-आठ नावं झाली की कंपनीकडे एकत्र अर्ज द्यावा. बस नाही दिली तरी महिन्याच्या भाड्यानं एखादी व्हॅन परवडते. फक्त ती टमटमसारखी कोंबून भरलेली नको, आणि चालकाला दुसरीकडे रात्रपाळी नाही ना, हे विचारून घ्या. मोहोळकडे जाणारी एसटी चिंचोळीला कुठली थांबते ते डेपोत विचारा. पण बसनं गेली तर परतताना तोच महामार्ग पायी ओलांडायचा आहे, हेही ध्यानात घ्या. शहर बसच्या भरवशावर शिफ्ट गाठायची कल्पना मी सुचवणार नाही. बाळे-केगावकडे भाड्यानं राहायला जायचं हा उपाय कागदावर उत्तम आहे, पण तुमचं घर मोडून तो करावा असं मला वाटत नाही.

स्कूटीनंच जायचे दिवस असतील, आणि असणारच, तर हेल्मेट आयएसआयचं, बक्कल लावलेलं. स्कार्फवर नुसतं ठेवलेलं हेल्मेट पहिल्याच धक्क्यात उडून जातं. उन्हाळ्यात आपल्याकडे 43-44 अंशांत हेल्मेट म्हणजे शिक्षा, मला मान्य आहे, म्हणून हवा खेळेल असं बघून घ्या, पण पाचशे रुपयांचं रस्त्यावरचं नको. स्कूटीच्या मागे आणि हेल्मेटच्या पाठीवर रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा. काळी सॅक पाठीला असेल तर तिच्यावरही.

हैदराबाद रोडकडच्या वाचकांसाठी दोन ओळी : डिसेंबर-जानेवारीत बाजार समितीत कांद्याच्या शेकडो गाड्या येतात, पहाटे त्या रस्त्यावर जिथे जागा मिळेल तिथे उभ्या असतात, आणि दोन गाड्यांच्या फटीतून माणूस अचानक बाहेर येतो. होटगी रोडवाल्यांनी सिमेंटच्या बल्करच्या, म्हणजे टाकीच्या ट्रकच्या, बगलेला राहू नये. नियम तेच, जागा बदलते इतकंच.

आता ज्या गोष्टीवर तुम्ही पत्रात एकच वाक्य लिहिलंय तिच्याकडे येते. तुमचा मुलगा शनिवारी दिवसभर ड्युटी करून रात्री पुण्याहून कारनं निघतो. भिगवण, इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ. उसाचे ट्रॅक्टर, उभे ट्रक, शिणलेले डोळे आणि मध्यरात्र. तुमच्या घरातला सगळ्यात धोक्याचा प्रवास मला हा वाटतो, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही. कार आहे म्हणून? उभ्या ट्रकला मागून कार धडकते तेव्हा तिचं बॉनेट ट्रकच्या फळीखाली शिरतं आणि मार थेट काचेवर येतो. तिथे एअरबॅग फारशी कामाची नसते. हे थांबवायलाच मागचा तो लोखंडी बार असतो, ज्याच्याबद्दल वर लिहिलं, आणि कितीतरी ट्रकांना तो नावापुरता असतो. मुलाला सांगा, वेळेत सुटलास तर संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकड, नाहीतर रात्री पुण्यातच झोप आणि रविवारी उजाडल्यावर निघ.

मुलाला नोकरी सोडायला सांगायचं तुमच्या मनातही आलं नाही, अण्णा. तुम्ही स्वतः इतकी वर्षं मोटारसायकलवर अक्कलकोट रोडला जाताय, तुम्हालाही कुणी घरी बसा म्हटलं नाही. मग रस्ता वाईट आहे म्हणून घरी बसायची पाळी सुनेवरच का? घर तिच्या पगारावर चालत नाही हे खरं असेल. पण ती नोकरी फक्त पगारासाठी करते का, हे तिला विचारलंय का? तुम्ही प्रेमापोटी म्हणताय याबद्दल मला शंका नाही, पत्रातच ते दिसतं. तिला मात्र त्यातून ऐकू जाईल ते एवढंच की घरातला धोका कमी करायचा झाला तर आधी हिला कमी करायचं. नोकरी सोडण्याच्या मी विरोधात आहे. सगळे उपाय करून पाहिले, काहीच जमलं नाही, आणि तिलाच नकोसं झालं, तर ती गोष्ट वेगळी.

आणखी एक विचारू? झोप उडालीय ती सगळी सुनेच्या काळजीनं आहे, असं मला वाटत नाही. ती मुलगी रस्त्यावर होती आणि तुम्ही पुढे निघून आलात, हेही त्यात आहे. तुमच्या जागी असणारे बहुतेक लोक निघूनच जातात, कारण मदत करणाऱ्यालाच पोलीस धरतात हा समज आपल्या हाडात मुरलाय. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय. तुम्ही जखमीला दवाखान्यात नेलं म्हणून तुमच्यावर केस होत नाही, नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही. साक्ष द्यायची की नाही तेही तुम्ही ठरवायचं. पुढच्या वेळी 108 ला फोन करा, पोलिसांसाठी 112, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033. मागून येणाऱ्या गाड्यांना लांबूनच इशारा करा, नाहीतर दुसरा अपघात होतो. जखमीला ओढाताण करून बसवू नका, हेल्मेट उपटून काढू नका, श्वास चालू आहे का बघा. 2025 पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला योजनेतल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरता उपचार मिळायची तरतूद आहे. नातेवाइकांना हे माहीत नसतं आणि ते पैशांची जमवाजमव करण्यात पहिला तास घालवतात. ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर जखमेसाठी पन्नास हजारांची भरपाई मागता येते. त्या मुलीची चौकशी करावीशी वाटत असेल तर जरूर करा. बाळ्यातल्या लोकांना ती कोण ते ठाऊक असेल.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मुलाकडून मुळीच सांगवू नका. निरोप फोनवरून पुण्याला जाऊन परत येईपर्यंत त्याचा हुकूम झालेला असतो आणि नवरा-बायकोत ठिणगी पडते ती वेगळीच. तुम्हीच बोला, पण 'नोकरी सोड' इथून सुरुवात करू नका. बाळ्याला काय पाहिलंत, थांबला नाहीत, झोप येत नाही, हे जसं मला लिहिलंत तसं तिला सांगा. मग म्हणा की एक दिवस कारखान्यात ये, ट्रेलरमध्ये बसवतो. यायला ती नाही म्हणणार नाही. आणि शनिवारच्या रात्रीचं मुलाला तुम्ही सांगा, ते काम तिच्यावर टाकू नका.